तिच्यासाठी मागवलेला मासा

"आणि मला मश्रूमचं सूप. नंतर भाजलेल्या भाज्या आणि ब्रेड," ती म्हणाली, आणि मेनूकार्ड मिटून तिने वेटरच्या हाती दिले.

वेटरने ते लिहून घेतले. बुधवारी संध्याकाळी साडेसात वाजता हॉटेलात आलेल्या नवराबायकोपैकी नवऱ्याने वाफवलेला मासा सांगितला होता आणि बायकोने सूप व भाज्या. जगातल्या कोणत्याही वेटरला यात वावगे काही सापडले नसते. खटकले ते फक्त तिच्या समोर बसलेल्या माणसाला, आणि तेही लगेच नाही. जिन्याला अजून एक पायरी आहे असे समजून पाय उचलावा आणि तो सपाट जमिनीवर आपटावा, तसे त्याला झाले. लागत काहीच नाही, पण क्षणभर सगळ्या देहाचा अंदाज चुकतो. मासा त्याने स्वतःसाठी सांगितला नव्हता, तो तिच्यासाठी सांगितला होता. त्यानंतर तिने त्याच्यासाठी काहीतरी सांगायचे, असा क्रम होता. लग्नाच्या आधीपासून, म्हणजे मोजून बावीस वर्षे, दोघे या हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये दोन-तीन महिन्यांतून एकदा बुधवारी जेवायला येत, कारण बुधवारी त्याचे चष्म्याचे दुकान बंद असे. आणि बावीस वर्षांत दोघांपैकी कोणीही स्वतःचे जेवण स्वतः सांगितले नव्हते. विचारायचे नाही, सुचवायचे नाही, समोरच्याच्या ताटातले चाखायचे नाही. आपापसांत याला ते 'कायदा' म्हणत. पूर्वीच्या म्हाताऱ्या वेटरला हा कायदा तोंडपाठ होता; तो ताटल्या न चुकता अदलाबदल करून ठेवी. तो म्हातारा गेल्या वेळेपर्यंत होता. आजचा वेटर तिशीतला, नवा, आणि त्याच्या दृष्टीने ज्याने जे सांगितले ते त्याचे होते.

"तू काहीतरी विसरलीस," असे तो म्हणणार होता. पण ती विसरली नव्हती हे त्याला दिसत होते. विसरलेल्या माणसाचे डोळे सैल असतात, आणि डोळे हा तर त्याचा धंदाच होता. तिने पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला, आणि तो मूळ जागीच, टेबलक्लॉथवर उमटलेल्या ओल्या वर्तुळावर, नेमका परत ठेवला. हातांची ही शिस्त तिला कामातून लागली होती. शहराच्या जुन्या दफ्तरखान्यात ती भिजलेले, चिकटलेले, कसर लागलेले कागद सुटे करी. एका कागदापासून दुसरा कागद उचलायला कधीकधी तिला सबंध सकाळ लागे. तिच्या भावाने तिचे काम पाहिले तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, एवढा वेळ लावून तर मी सगळा इतिहास पुन्हा लिहून काढला असता." आणि कायद्याची हकीकत कळली तेव्हा याच मेहुण्याने टाळ्या पिटत विचारले होते, "भावोजी, मग दाढ दुखली की डेंटिस्टकडे ताईला पाठवता का?" सगळे हसले होते. तोही हसला होता. पण त्या हसण्यात थोडा अभिमान होता, हे आता, ब्रेडच्या टोपलीकडे पाहत असताना, त्याला पहिल्यांदा जाणवले. ज्यांना असे काही जमत नाही त्यांनी हसावे, अशा जातीचे ते हसणे होते.

हॉल निम्मा रिकामा होता. कोपऱ्यातल्या टेबलावर दोन माणसे गळ्यातली ओळखपत्रे न काढता जेवत होती. कुठल्याशा परिषदेहून आलेली असावीत. खिडकीला लागून एक बाई एकटी जेवत होती आणि जेवताना वाचत होती, आणि ती पुस्तक जितके दूर धरत होती त्यावरून तिला दीड नंबरचा वाचायचा चष्मा केव्हाच लागायला हवा होता. असे अंदाज त्याला आपोआप होत. पण दुकानातल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत मात्र तो अंदाजावर कधी विसंबत नसे. तिथे तो विचारी. दिवसाकाठी पाचपन्नास वेळा, एकाच सपाट आवाजात, भिंग फिरवून विचारी : हे बरं, की हे? आता हे, की आधीचं? उत्तर सुचवायचे नाही, घाई करायची नाही, आवाजात पसंती उमटू द्यायची नाही. सव्वीस वर्षांच्या धंद्यात तो एक गोष्ट पक्की शिकला होता. माणसे तपासणाऱ्याला बरे वाटावे म्हणून उत्तरे देतात. भिंग बदलले म्हणजे सुधारणा झालीच असणार, या भिडेपोटी ती 'हे बरं' म्हणतात. म्हणून तो अधूनमधून तेच भिंग पुन्हा लावी आणि तोच प्रश्न विचारी. तरीही एखादा 'हो, आता छान' म्हणाला, की तो मनात त्या माणसाच्या नावापुढे खूण करी : हा खोटे बोलत नाही, हा सभ्य आहे, याचे काही खरे धरायचे नाही.

आणि हाच माणूस घरी विचारत नसे. घरी विचारावे लागत नाही, हीच तर त्याच्या मते संसाराची कमाई होती. चष्म्याचे गिऱ्हाईक परके असते, म्हणून त्याला विचारायचे. बायकोला विचारणे म्हणजे तिला परके करणे. हा युक्तिवाद त्याने स्वतःशी इतक्या वेळा केला होता, की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांची मुलगी सात वर्षांची असताना याच हॉलमध्ये खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "माझं मी सांगणार. तुम्हाला काय माहीत मला काय हवं?" दोघांनी एकमेकांकडे पाहून स्मित केले होते. लहान आहे, कळेल. आता ती दुसऱ्या गावी वसतिगृहात राहत होती, फोनवर स्वतःचे ती स्वतःच सांगत होती, आणि तिला ते कळले नव्हते किंवा फारच आधी कळले होते.

सूप आले. ती फुंकर न घालता प्यायली. बाजूला पसरलेल्या हातरुमालाच्या टोकाशी तिची बोटे खेळत नव्हती, पाय हलत नव्हता, चेहऱ्यावर राग नव्हता; आणि राग असता तर बरे, असे त्याला वाटले. रागाला एक दार असते. त्याने दिवसाची चौकशी केली. तिने सांगितले की जमिनीच्या नकाशांची एक गुंडाळी आज पूर्ण सुटली, मधल्या थरात कोणीतरी दोनशे वर्षांपूर्वी एक पान दाबून ठेवले होते. "झाडाचं पान," ती म्हणाली. "नुसत्या शिरा उरल्यात." आणि त्याच्या डोक्यात शनिवार सकाळचा टेलिफोन वाजायला लागला.

तो वाजत होता चार दिवस, खरे तर. शनिवारी ती भावाकडे गेली होती. पलीकडून एका बाईंचा, सावकाश आणि वाक्ये पूर्ण करणारा आवाज आला. त्या दूरच्या एका शहरातल्या ग्रंथालयाच्या मुख्य ग्रंथपाल होत्या. त्यांच्या तळघरात पुराचे पाणी शिरले होते, हजारो कागद भिजले होते, कुजू नयेत म्हणून ते तसेच शीतगृहात गोठवून ठेवले होते, आणि आता ते एकेक करून सोडवायला दोन वर्षांसाठी त्यांना माणूस हवा होता. "आपल्या पत्नींचं नाव आमच्या समितीनं एकमतानं निवडलंय. त्यांचा होकार कळला की पत्र काढते." तो उभ्याउभ्या ऐकत होता. हातात त्याच्या दाढीचे पाणी होते, तोंडाच्या डाव्या बाजूला साबण वाळत होता, आणि त्याने कसलाही विचार न करता, या हॉलमध्ये मासा सांगावा त्याच आवाजात सांगितले, "ती नाही येणार हो. घर सोडून राहायला तिला आवडत नाही. तुम्ही दुसरं कोणी बघा." "तुम्ही त्यांना विचारून कळवता का?" बाई म्हणाल्या. आणि तो हसला होता. तो हसला होता हे त्याला आता नीट आठवले. "विचारायची गरज नाही," तो म्हणाला होता. "बावीस वर्षं झाली."

बुधवारी जेवताना तिला सांगू, असे त्याने ठरवले होते. ताटलीवरचे झाकण उचलून दाखवावे तसे. बघ, मी तुझ्यासाठी काय सांगितले. ती म्हणेल, बरोबर सांगितलेस. या कल्पनेत शनिवारी काहीही वाईट नव्हते. रविवारी ती कल्पना किंचित ओशट झाली. सोमवारी दुकानात एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे भिंग धरून 'हे बरं, की हे?' म्हणताना त्याची जीभ अडखळली. काल, मंगळवारी, तो तिला सांगायला म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि पाणी पिऊन परत आला.

वेटरने मासा आणला. त्याने तो तिच्यापुढे ठेवला नाही. ज्याने सांगितला त्याच्यापुढे ठेवला, हवे तर लिंबू अजून आणतो म्हणाला आणि गेला. लांबट पांढऱ्या ताटलीत डोके-शेपटीसकट एक अखंड मासा पडला होता, फिकट, वाफेने किंचित फुगलेला, अंगावर लिंबाच्या तीन चकत्या. डोळा पांढरा पडला होता. पिकलेल्या मोतीबिंदूसारखा, असे त्याच्या मनात आले, आणि आपण ही ताटली या बाजूने कधी पाहिलीच नव्हती हेही आले. टेबलापलीकडून मासा उलटा दिसायचा, डोके उजवीकडे. त्याने तिच्याकडे पाहिले. आता ती म्हणेल, चुकलं, तो माझा, इकडे दे. ती भाज्यांवर मिरपूड घालत होती.

त्याने पहिला घास घेतला.

माशाला चव नव्हती. खारट नाही, आंबट नाही, तिखट नाही. लिंबाचा वास होता, पण तोही उकळून मऊ झालेला. मांस कोमट होते आणि जिभेवर ओल्या पिठासारखे पसरत होते. दुसऱ्या घासात एक बारीक काटा दाढेखाली आला, तिसऱ्यात दोन. प्रत्येक घास आधी सुरीने चाचपायचा, मग जिभेने, मग रुमालाआड काटा काढायचा. आणि इतके करून पदरात पडायचे ते काहीच नाही. त्याला वाटले, आचारी बदलला असेल. लगेच त्याच्याच मनाने हरकत घेतली : गेल्या वेळीही असाच पांढरा दिसत होता, त्याच्या आधीही. मग वाटले, ही एखाद्याची आवड असू शकते. अळणी अन्न आवडणारी माणसे असतात. त्यावरही हरकत आली : ही बाई आत्ता भाज्यांवर दुसऱ्यांदा मिरपूड घालते आहे, आणि घरच्या जेवणात मीठ कमी पडले तर सगळ्यांत आधी तिला कळते. हे त्याला माहीत नव्हते असे नाही. माहीत असलेल्या दोन गोष्टी बावीस वर्षे शेजारीशेजारी ठेवल्या होत्या आणि त्या एकमेकींना कधी चिकटल्या नव्हत्या, इतकेच. तेच भिंग त्याने पुन्हापुन्हा लावले होते; वर्षातून चार-पाच वेळा, शंभरावर वेळा; आणि पलीकडून दर वेळी उत्तर आले होते : छान.

उलट ती त्याच्यासाठी दर वेळी वेगळे सांगे. हेही आत्ता आठवले. एकदा नुसते आमलेट आणि टोस्ट, ज्या दिवशी त्याचे पोट बिघडले होते आणि त्याने ते कोणालाही सांगितले नव्हते. त्याचे वडील गेले त्यानंतरच्या बुधवारी दाट, गरम, जवळजवळ चमचा उभा राहील असे सूप. ती मेनूकार्डाच्या वरून त्याच्याकडे बघायची, मग सांगायची. तो मेनूकार्ड उघडतही नसे.

त्याने खाणे थांबवले नाही. थांबवणे म्हणजे काहीतरी कबूल करणे झाले असते. एका बाजूचे मांस संपल्यावर त्याने मधला काटा शेपटीकडून धरून उचलला. तो अर्ध्यात तुटायला आला.

"शेपटीकडून नाही, मानेकडून धर," ती म्हणाली. "सबंध निघतो."

त्याने तसे केले. काटा सबंध निघाला. तो ताटलीच्या कडेला ठेवताना त्याने विचारले, "कधीपासून आवडत नाही?"

"मासा?"

"हो."

"पहिल्यापासून."

"पहिल्या वेळी तर तू काट्यापर्यंत संपवला होतास. मी पाहिलंय."

"सकाळपासून उपाशी होते मी त्या दिवशी. दगड संपवले असते." ती थोडी हसली, तोंड न उघडता. "आणि तू असा काही बघत होतास, जसा काही मासा तूच पकडलायस."

"पण तू त्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे बघत होतीस. त्याच्या माशाकडे. म्हणून तर मी..."

"त्याच्या हातांकडे बघत होते." तिने आपली दोन बोटे चिमटीसारखी जुळवून हवेत वर नेली. "किती सफाईनं काटा उचलत होता तो माणूस. मांसाचा एक धागा हलला नाही. मी नवी होते तेव्हा कामावर, माझे कागद फाटायचे. मला वाटलं, असा हात पाहिजे."

एका माणसाच्या हाताकडे टाकलेला एक कटाक्ष, आणि त्यावर उभी राहिलेली शंभर जेवणे. "मग सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला. "एकदा. एकदा जरी म्हणाली असतीस."

"कायदा होता ना. विचारायचं नाही, सुचवायचं नाही." ती म्हणाली. "सुरुवातीला तुझा आनंद मोडवेना. मग सवय झाली. नंतर नंतर मला तो मासा तुझाच वाटायला लागला. आपण इथं येतो ते तुझा मासा मी खाण्यासाठी." मग त्याच आवाजात, ताटलीतला गाजराचा तुकडा कापता कापता, "काल ग्रंथपालबाईंचा फोन आला होता. दफ्तरात."

कोपऱ्यातल्या परिषदवाल्यांपैकी एकाने खुर्ची मागे सरकवली. तो आवाज नीट संपेपर्यंत त्याने वाट पाहिली.

"मी आज सांगणारच होतो."

"हो, असशील."

"मला खरंच वाटलं, की तुला घर सोडून..."

"मी अर्ज केला होता," ती म्हणाली. "तीन महिन्यांपूर्वी. मुलाखतही झाली, दफ्तरातूनच, फोनवर."

आता धक्का बसण्याची पाळी त्याची, आणि त्या धक्क्यात त्याला हाताशी एक आधार सापडला. वादात मुद्दा सापडला की माणूस बुडता बुडताही तरंगतो. "आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस? तीन महिने?"

"तू काय म्हणशील ते मला माहीत होतं."

"म्हणजे तूही माझ्या वतीनं उत्तर देऊन मोकळी झालीस. मग माझ्यात आणि तुझ्यात फरक काय?"

तिने सुरी खाली ठेवली. मुद्दा खरा होता आणि ती तो टाळणार नव्हती. खऱ्या मुद्द्यांच्या बाबतीत ती नेहमीच उदार होती. "फार नाही," ती म्हणाली. "म्हणूनच तर आज माझं मी मागवलं. भांडायला नाही. मी काल रात्रभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडले, तर तुझीही सगळी उत्तरं मीच देत होते. तेव्हा वाटलं, हे पुरे." आणि मग तिने, बावीस वर्षांत या टेबलावर कोणी न केलेली गोष्ट केली. काय हवे, ते तिने विचारले. "तुला काय हवं होतं? शनिवारी, फोन हातात असताना. मला काय आवडतं ते सोड. तुला काय हवं होतं?"

प्रश्न सोपा होता. त्याचे उत्तरही त्याला ठाऊक असावे, असा त्याचा समज होता. त्याने आत पाहिले तेव्हा तिथे दुकानातल्या मागच्या खोलीसारखा अंधार होता, समोर उजळलेला तक्ता, आणि तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येत नव्हत्या. तिला घर आवडते. तिला प्रवास सोसत नाही. तिला त्या थंड शहरातली हवा मानवणार नाही. सगळी वाक्ये तिच्यापासून सुरू होत होती. त्यांतले एक उलटून पाहावे तसा त्याने माशाचा उरलेला तुकडा उलटला, शेवटचा घास सुरीने सोडवला, खाल्ला. तिने घाई केली नाही. त्याच्या धंद्याचा नियम ती त्याच्यापेक्षा चांगला पाळत होती.

"मला तू जायला नको होतीस," तो म्हणाला.

हे वाक्य बोलून झाल्यावर ते टेबलावर पडले, लहान आणि बरेच कुरूप. ते तिच्या आवडीविषयी काही म्हणत नव्हते. तिच्या भल्याचा त्यात अंशही नव्हता. तरी हलके वाटले. चुकीचा नंबर वर्षानुवर्षे वापरून मग चष्मा काढल्यावर डोळ्यांना वाटते तसे. दिसत काही नाही, पण ताण जातो.

"हां," ती म्हणाली. तिने मान हलवली. एखादा थर न फाटता सुटला की ती अशी मान हलवते, हे त्याने तिच्या टेबलाशी उभे राहून एकदा पाहिले होते. "हे मला कळायला हवं होतं. म्हणजे, त्या बाईंना नाही. मला."

"बाईंना काय सांगितलंस?"

"गुरुवारी कळवते म्हणाले. तुझ्याकडून ऐकल्याशिवाय 'नाही' म्हणाले असते तर ते तुझं 'नाही' झालं असतं. 'हो' म्हणाले असते तर तो तुझ्यावरचा राग झाला असता."

"आणि आता?"

"आता जाणार," ती म्हणाली. "पत्र हाती आलं की. दोन वर्षं." आणि थोड्या वेळाने, "तुला नको आहे, हे माहीत असून जाणार. ते बरं आहे. कोणी मला पाठवलं म्हणून नाही, कोणी अडवलं नाही म्हणूनही नाही."

त्याला यावर वाद घालता आला असता. निदान तीन मुद्दे त्याला लगेच दिसले आणि त्यांतला दुसरा चांगला भक्कम होता. खिडकीतल्या बाईने पुस्तक अजून थोडे दूर धरले, कंटाळून मिटले, आणि जाणाऱ्या वेटरला बोटाने बिल मागितले. बायको जाईल, मग घरात टेलिफोन वाजेल आणि तो त्याच्यासाठीच असेल. रात्री काय खायचे हे ठरवणारा तिथे फक्त तो असेल. यात दुःख होतेच. पण दुःखाच्या आधी एक साधी, जवळजवळ तांत्रिक अडचण होती, आणि तो त्या अडचणीकडेच बघत बसला.

वेटर ताटल्या उचलायला आला. तिची ताटली, मग त्याची. लांबट पांढऱ्या ताटलीत डोके, शेपूट आणि त्यांना जोडणारा स्वच्छ, सबंध काटा एवढेच उरले होते. वेटरच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "मासा आवडलेला दिसतोय साहेबांना?"

"नाही," तो म्हणाला.

वेटरने काट्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"अजिबात नाही आवडला. मीठही नाही त्यात."

"पण साहेब, आपण तर पूर्ण..."

"हो. संपवला."

ती हसली. या संध्याकाळी पहिल्यांदा, तोंड उघडून, आवाज करून हसली, इतकी, की परिषदवाल्यांनी वळून पाहिले. तिने रुमाल डोळ्यांना लावला. गोंधळलेल्या वेटरने चूक आपलीच असावी अशा समजुतीने काखेतली दोन कार्डे काढली आणि गोडाची यादी दोघांपुढे एकेक उघडून ठेवली.

"मला नुसती कॉफी," ती म्हणाली. "काळी. साखर नको."

"आणि साहेब, आपल्याला?"

त्याने कार्ड हातात घेतले. अक्षरे स्पष्ट होती. अंतर बरोबर होते. चष्म्याचा नंबर त्याने महिन्यापूर्वीच स्वतः तपासला होता. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. हे बरे, की हे? तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. नकळत त्याची नजर सवयीने वर उठली आणि तिच्यावर जाऊन थांबली. ती त्याच्याकडेच पाहत होती, पण तिच्या चेहऱ्यावर कसलीही पसंती नव्हती, कसलीही सूचना नव्हती. त्याने नजर परत कार्डावर आणली. वेटरने पेन्सिल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"थांबा जरा," ती वेटरला हळू आवाजात म्हणाली. "त्यांना वेळ लागेल."